वजनाची वही

दोनशे पानी फुलस्केप वही आहे. निळा पुठ्ठा, एका कोपऱ्यावर दुधाचा वाळलेला डाग. पहिल्या सात-आठ पानांवर छापखान्याच्या कामाचा हिशोब आहे: कुठली पत्रिका, किती प्रुफं, किती पैसे आले, किती राहिले. तो हिशोब २१ मार्च २०२०ला थांबतो. पुढच्या पानापासून मांजरं सुरू होतात.

मी डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर मांडण्याचं काम करते. तेव्हा पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात होते. राहायला रास्ता पेठेत, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. घरात मी, नवरा, सासूबाई आणि ठकी. ठकी आमची मांजर, तेव्हा सहा वर्षांची, पांढऱ्यावर काळे ठिपके. आठवड्यातून एकदा कामावरून येताना मी गणेश पेठेच्या मासळी बाजारात थांबायची. तिथल्या मांजरांकडे मी तोपर्यंत काळजीच्या नजरेने पाहिलंच नव्हतं. पाहायची गरजच नव्हती. एकेका मावशीच्या पाटाखाली एकेक मांजर ठरलेलं. बांगड्याचं डोकं, सुरमईची आतडी, कोलंबीची सालं खाली पडायची आणि तिथल्या तिथे संपायची. पेठेतली सगळ्यात धष्टपुष्ट मांजरं तीच होती.

लॉकडाऊनच्या चौथ्या दिवशी आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला बाहेर पडले. जवळच्या मेडिकलमध्ये मिळाल्या नाहीत म्हणून पुढे गेले आणि बाजारासमोरून वळले. बाजार बंद. ओटे धुऊन कोरडे ठणठणीत. आणि त्या ओट्यांवर मांजरं बसलेली, आपापल्या जागेवर, जिथे त्यांची मावशी बसते तिथे. कुणी ओरडत नव्हतं. मला आत कालवलं ते त्या शांततेनं. एक डोळा गेलेली एक करडी मांजर दगडाच्या भेगेत जीभ घालून चाटत होती. चाटायची, थांबायची, पुन्हा तीच भेग चाटायची. त्या दिवशी मी सत्तावीस मोजली.

घरी येऊन भात लावला, त्यात मूठभर जवळा उकडून घातला आणि संध्याकाळी डबा घेऊन निघाले. चौकात पोलिसांनी अडवलं. "मॅडम, कुठे?" मी डब्याचं झाकण उघडून दाखवलं. तो हवालदार वयाने लहान होता, सकाळपासून उन्हात उभा असणार. वास घेऊन म्हणाला, "मांजरांसाठी? जा, पण पाच मिनिटांत परत या." पुढे चार दिवसांनी दुसरी ड्युटी लागली आणि त्या साहेबांनी मला परत पाठवलं. त्यांचंही चुकलं नाही, शहरात संचारबंदी होती. मार्चच्या शेवटी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना कळवलं होतं, की लॉकडाऊनमध्येही जनावरांना खाऊ-पिऊ घालण्याची सोय राहू द्या. ते पत्र मी मोबाइलवर उतरवून घेतलं, एका ओळखीच्याकडून त्याची प्रत काढली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवली. नंतर चौकातली मंडळी मला ओळखायला लागली. एकाने तर स्वतःच्या डब्यातलं अंडं काढून दिलं.

जवळा-भात दोनच दिवस घातला. जनावरांचे डॉक्टर फोनवर रागावले. सुकटीत मीठ फार असतं आणि मांजर भातावर जगत नाही, तिला मांसच लागतं. टॉरिन नावाचा एक घटक तिच्या शरीराला पुरेसा तयार करता येत नाही, तो मांसातूनच मिळावा लागतो. नाही मिळाला तर हृदय आणि डोळे जातात. मग शोधाशोध. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनने कोरोना होतो अशी अफवा उठली होती, भाव पार कोसळले होते, ठिकठिकाणी पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या फुकट वाटल्या. एप्रिलमध्ये दुकानंच बंद. नाना पेठेतल्या एका चिकनवाल्या भाईंचा नंबर मिळाला. सकाळी ज्या दोन तासांची सवलत असायची त्यात ते माझ्यासाठी मुंडकी, पाय आणि कलेजी बाजूला काढून ठेवायचे. पैसे विचारले तर म्हणायचे, "दीदी, ये तो वैसे भी फेकना है." मी ऐकलं नाही, दर आठवड्याला दोनशे रुपये त्यांच्या गल्ल्यावर ठेवून यायची. पुढे कोरडं खाद्य मिळायला लागलं, दहा किलोचं पोतं. छापखाना बंद, नवऱ्याचा पगार अर्धा. त्यात महिन्याला साडेसहा हजार मांजरांवर जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. आईंनी एकदाही विषय काढला नाही. फक्त स्वतःच्या पेन्शनचं पाकीट महिन्याच्या दोन तारखेला देवघरातून उचलून ओट्यावर ठेवायला लागल्या.

६-७ एप्रिलच्या सुमाराला पेठा सील झाल्या. गल्लीच्या तोंडाशी बांबू, पत्रे. अशाच एका पत्र्याने पुढची गोष्ट घडवली.

रविवार पेठेच्या बाजूला सुट्या भागांचं एक दुकान होतं, शिवणयंत्राच्या. शटर बंद, मालक गावी. शटरच्या एका कडेला फळी तुटलेली, तिथून एक मांजर आत-बाहेर करायची हे मी पाहिलेलं. तिने आत पिल्लं घातली होती. गल्ली सील करताना पत्रा नेमका त्या फटीवर टेकला. आतून चिरके आवाज येतात असं समोरच्या वहिनींनी वरून सांगितलं, तोवर दीड दिवस गेला होता. शटरवर रंगवलेल्या नंबरवर फोन लावला. मालक म्हणाले, "ताई, कुलूप तोडा, मी काही म्हणणार नाही." कुलूप तोडायची वेळ आली नाही. हवालदारांनी पत्रा वीतभर सरकवला. आम्ही समोरच्या पायरीवर रात्री दहापर्यंत बसलो, आई येते का बघत. पिल्लांना लगेच उचलू नये, आई आसपास असेल तर तिच्याइतकं चांगलं कुणी सांभाळू शकत नाही. ती आली नाही. तिचं काय झालं ते आजही कळलेलं नाही.

खोक्यात चार निघाली. डोळे मिटलेले, नाळेचा वाळका तुकडा दोघांच्या पोटाला अजून चिकटलेला. हातात घेतलं तर गार. मला वाटलं आधी दूध पाजावं. डॉक्टर फोनवर जवळजवळ ओरडलेच: "गार पिल्लाच्या तोंडात थेंब घालायचा नाही! आधी ऊब." गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही, दूध आत कुजतं किंवा फुप्फुसात जातं. गरम पाण्याची पिशवी जुन्या टॉवेलात गुंडाळली, खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवली, म्हणजे फार गरम झालं तर त्यांना सरकता यावं. तासाभराने पोटं कोमट लागली. मग दूध.

पिल्लांची दुधाची पावडर पुण्यात तेव्हा मिळेना. गाईच्या दुधाने जुलाब लागतात. डॉक्टरांनी शेळीचं दूध सांगितलं, त्यात थोडं अंड्यातलं पिवळं. पावडर येईपर्यंतची सोय. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला साधारण वीस मिली, ते दर दोन-अडीच तासांनी वाटून. रात्रीसुद्धा. पिल्लू उताणं धरायचं नाही, माणसाच्या बाळासारखं. ते पालथंच, जसं आईला पितं तसं, आणि ड्रॉपर जिभेवर, दाबायचा नाही, त्याने ओढून घ्यायचं. पिऊन झालं की कोमट पाण्यात कापूस बुडवून शेपटीखाली हळूहळू चोळायचं. आई चाटते तेव्हाच त्यांना शी-शू होते, आपसूक होत नाही. हे मला माहीत नव्हतं. कापूस पिवळा झाला की हुश्श.

वही उघडली ती त्या रात्री. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर, ज्यावर मी दिवाळीत बेसन मोजते, वाटी ठेवून एकेक पिल्लू मोजलं. ११८, १०९, १०४, ८६. नावं त्या वजनांवरूनच पडली, डब्यातली: ओवा, जिरं, तीळ आणि सगळ्यात लहान ती राई. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे, नाही वाढलं तर काहीतरी बिघडतंय, असा नियम. म्हणून रोज सकाळी सहाला मोजायचं. रात्री दोनची आणि चारची पाळी माझी, साडेसहाची आईंची. आईंना पहाटे झोप नसतेच. त्या जप करता करता पाजायच्या. मी अंथरुणातून ऐकायची, माळेच्या मण्यांचा आवाज थांबला की समजायचं पिल्लू बदललं.

राईचे आकडे असे आहेत: ८६, ८९, ९१, ९०, ८५. पाचव्या पहाटे चार वाजता तिने ड्रॉपर ओढला नाही. हाताच्या ओंजळीत धरून बसले. तिचं अंग आपल्या अंगठ्याएवढं, तरी श्वास घेताना सगळं अंग हलायचं. ते हलणं थांबलं तेव्हा रस्त्यावर पाव घेऊन जाणारी सायकल गेली. मागच्या अंगणात औदुंबराखाली पुरली. वहीत त्या दिवशी तिघांची वजनं लिहिली आहेत आणि चौथी ओळ रिकामी सोडली आहे. पुढे रोज तीनच ओळी.

तीळ, ओवा, जिरं वाचले. नवव्या-दहाव्या दिवशी डोळे किलकिले झाले. तिसऱ्या आठवड्यात ओव्याने माझ्या बोटाला पहिला दात लावला.

त्याच महिन्यात जिन्यातलं फिनाईल आमच्या जिवावर बेतलं. सगळीकडे पुसापुशी चालली होती. रस्त्यावर हायपोक्लोराइट फवारायचे, इमारतीत दिवसातून दोनदा फिनाईलचा पोछा. लोक घाबरलेले होते, त्यांना दोष कसा देणार. पण मांजर चालते, मग पाय चाटते. एका दुपारी ठकीच्या तोंडातून लाळ गळायला लागली, पंजांच्या गाद्या लाल. फिनाईलमधल्या पदार्थांचा निचरा मांजराचं यकृत नीट करू शकत नाही, माणसाला चालतं ते तिला विष ठरतं. पाय साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, दोन दिवस खोलीत बंद ठेवली, निभावलं. मग इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, की जिना साबणाच्या पाण्याने पुसूया, त्यानेही विषाणू मरतो. खालच्या मजल्यावरच्या काकांनी लगेच होकार दिला आणि स्वतः पोछा धरला. हे काका पुढे पुन्हा येतील.

सगळे मात्र असे नव्हते. २२ एप्रिलला न्यूयॉर्कमधल्या दोन मांजरांना कोरोना झाल्याची बातमी आली आणि त्याच संध्याकाळी मला ती अकरा जणांनी पाठवली. त्याआधी तिथल्या प्राणिसंग्रहालयातली वाघीण. लोकांना मी सांगत राहिले, अहो, त्या मांजरांना तो माणसांकडून झालाय, मांजराकडून माणसाला होतो असं आतापर्यंत तरी कुठे दिसलेलं नाही. काहींना पटलं. काहींनी पाळलेली मांजरं सोडून दिली. मे महिन्यात बाजारात अचानक एक पर्शियन दिसला, पांढरा, गळ्यात घुंगराचा पट्टा, केसांच्या गाठी झालेल्या. जन्मभर घरात राहिलेल्या मांजराला रस्ता म्हणजे काय हेच माहीत नसतं. तो गाडीच्या आवाजाला पळायचा नाही, जमिनीला चिकटून बसायचा. त्याला घेऊन आले. पट्टा पाहून मालक शोधले, सापडले, आणि त्यांनी फोनवर "आमचा नाही" म्हटलं. तो फोनवर त्यांचा आवाज ऐकून कान टवकारत होता. मला अजूनही त्या लोकांबद्दल शांतपणे बोलता येत नाही.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. कोकणात त्याने जे केलं त्यापुढे पुण्याचं काहीच नाही, तरी दिवसभर झाडं पडत होती. नागझरी ओढ्याच्या कडेने राहणारी सात मांजरं आदल्या रात्री पिंजऱ्यांतून आणून आमच्या माळ्यावर ठेवली. एवढंच. दुसऱ्या दिवशी परत सोडली.

खरा जाच वेगळ्याच गोष्टीचा होता. माद्यांची नसबंदीची शस्त्रक्रिया बंद. दवाखाने फक्त तातडीचं बघत होते, जे बरोबरच होतं. पण मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात, पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते आणि मादी चार-पाच महिन्यांची झाली की तीही माजावर येते. तीन महिने शस्त्रक्रिया थांबल्या त्याचा हिशोब मी वहीत रोज लिहीत होते. सत्तावीसची एकेचाळीस झाली. आणि गर्दी झाली की रोग येतो. जुलैमध्ये, पुण्यात पुन्हा दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन लागला तेव्हाच, मांजरांमधला पार्व्हो आला, पॅनल्यूकोपेनिया. पिल्लू सकाळी पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं, पीत नाही, आणि संध्याकाळपर्यंत संपतं. सहा पिल्लं गेली. त्याचा विषाणू वर्षवर्षभर जमिनीत टिकतो, साबणाला दाद देत नाही, त्याला ब्लीचच लागतं. तेव्हा मी घरात येताना चपला बाहेर, कपडे बादलीत, हात कोपरापर्यंत. माणसांच्या साथीसाठी आणि मांजरांच्या साथीसाठी एकच कवायत. आमच्या तिघांना लस झालेली होती, म्हणून तरले.

सप्टेंबरात पुण्यात रुग्णांची संख्या त्या वर्षातली सगळ्यात वर गेली आणि आमचाही नंबर लागला. नवरा आणि मी. सौम्यच होतं, घरीच विलगीकरण. आई आणि मांजरं बाहेरच्या खोलीत, आम्ही आत. आमच्याकडून मांजरांना होऊ नये म्हणून दार बंद. ठकी दाराच्या फटीतून पंजा आत घालायची आणि तसाच ठेवून द्यायची, तास तास. मी आतून बघायची, हात लावायची नाही.

बाजारातल्या मांजरांचं कोण करणार? वरच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा म्हणाला, "काकू, मी जातो." त्याच्या आईने होकार दिला हे त्या दिवसांत केवढं होतं! वही त्याच्याकडे दिली. सतरा दिवसांची ती पानं त्याच्या अक्षरात आहेत. "९ सप्टेंबर. सगळे जेवले. काणी आली नाही." "१० सप्टेंबर. काणी आली नाही. शोधलं." "११ सप्टेंबर. काणी आली!! मागच्या पायाला लागलंय, चालते आहे. तिला दोन पाय जास्त दिले." काणी म्हणजे तीच, भेग चाटणारी.

वर्षाअखेरीला शस्त्रक्रिया सुरू झाल्या होत्या. आठवड्याला दोन-तीन माद्या पकडायच्या, रात्रभर उपाशी ठेवायच्या, सकाळी दवाखान्यात, दोन-तीन दिवस घरी, मग खूण म्हणून कानाचं टोक कापलेलं मांजर परत तिच्या ओट्यावर. या काळात एक गंमत वाटावी असं उलटं वारं वाहायला लागलं. घरी बसलेल्या लोकांना मांजर हवंसं झालं. रोज फोन. मी आधी खिडकी विचारायची. "जाळी आहे का?" नसली तर नाही. तिसऱ्या मजल्यावरून मांजर चार पायांवर पडतं आणि त्याला काही होत नाही हा समज किती मांजरांच्या जबड्यांवर निघाला ते दवाखान्यात विचारा. दुसरा प्रश्न: "ऑफिस सुरू झाल्यावर काय कराल?" ज्यांनी थांबून विचार केला त्यांना दिलं. जिरं आणि ओवा कोथरूडला एकाच घरी गेले. तीळ आमच्याकडे राहिली.

जानेवारी २०२१मध्ये मिरीचं पोट फुगायला लागलं. बाजारातली काळीभोर वर्षाची मांजर. वाटलं गाभण आहे, पण तिची शस्त्रक्रिया झालेली होती. तपासणीत निघालं एफआयपी. मांजरांमध्ये त्यांचा स्वतःचा एक कोरोना विषाणू असतो, कितीतरी वर्षांपासून माहीत असलेला. बहुतेकांना त्याने फार तर जुलाब होतात. थोड्यांच्या अंगात तो बदलतो आणि मग हा आजार होतो, उपचार मिळाले नाहीत तर जवळपास नेहमीच जीव घेणारा. रिपोर्टवर कोरोना शब्द होता. फाइल जिन्यात कुणीतरी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दारात चार माणसं उभी राहिली. मी त्यांना बसवलं, चहा दिला, सगळं समजावलं: हा वेगळा विषाणू, माणसाला होत नाही. आमच्या खालच्या काकांनीच शेवटी विचारलं, "यावर औषध आहे का तिला?" होतं. जीएस-४४१५२४ नावाचा पदार्थ. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात २०१९मध्ये त्याने या आजाराची बरीच मांजरं बरी झाली होती, चौऱ्याऐंशी दिवसांचे उपचार. मला तो मिळाला नाही. मिरी पंधरा दिवसांत गेली.

एप्रिलमध्ये काका स्वतः आजारी पडले. एकटेच होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा टोरांटोला. आणि दामू, त्यांचा बोका, सायीच्या रंगाचा, नऊ वर्षांचा. पहिल्या दिवशी ताप आला तेव्हा काकांनी मला हाक मारून एवढंच विचारलं, "दामू शिंकतोय, त्याला माझ्यातली पाव गोळी देऊ का?" मी जिन्यातून धावत गेले. पॅरासिटामॉल. मांजराला ती पाव गोळीसुद्धा मारू शकते. रक्तातला प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. गोळी अजून त्यांच्या हातात होती, तुकडा करून झालेला. त्या वर्षी प्रत्येक घरात ती पट्टी उशाशी होती, म्हणून हे इथे लिहिते आहे.

चौथ्या दिवशी त्यांचा ऑक्सिजन खाली आला. रुग्णवाहिकेत बसायच्या आधी त्यांनी मला दारातूनच किल्ली दिली, सुतळीत ओवलेली. त्या महिन्यात माझ्याकडे अशा पाच घरांच्या किल्ल्या होत्या. कुटुंबच्या कुटुंबं दवाखान्यात आणि आत मांजर. पीपीई किटमध्ये घुसायचं, भांडी भरायची, माती बदलायची, खिडक्या उघडायच्या, निघायचं. मांजरं त्या पांढऱ्या आकृतीला घाबरून पलंगाखाली जायची, म्हणून मी बाहेरूनच नाव घेत यायची.

काकांना रेमडेसिविर लिहून दिलं. ते आणायला माझा नवरा आणि मी आळीपाळीने अकरा तास रांगेत उभे राहिलो. रांगेतच आमच्या डॉक्टरांचा फोन आला, दामूबद्दल, आणि बोलता बोलता ते म्हणाले, मिरीला जे मिळालं नाही ते याच कुळातलं. रेमडेसिविर शरीरात गेल्यावर त्याचं जे होतं, त्यातलाच तो पदार्थ. मी फोन ठेवला आणि रांगेत तशीच उभी राहिले. पुढच्या माणसाच्या हातात प्रिस्क्रिप्शन होतं, त्याच्या मुलीचं.

इंजेक्शनं मिळाली. काका २९ एप्रिलला गेले. मुलगा येऊ शकला नाही. २२ तारखेला कॅनडाने भारतातून येणारी विमानं थांबवली होती, इकडे आला असता तर परतीची वाट नव्हती. त्याने अंत्यविधी फोनवर पाहिला. फोन माझ्या नवऱ्याने धरला होता.

दामू खात नव्हता. काका गेले त्या दिवसापासून नाही, दवाखान्यात गेले त्या दिवसापासून. मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही की यकृतावर चरबी चढायला लागते, मग ते वाचवणं कठीण. सिरिंजने भरवलं. खाद्य कोमट केलं, कलेजीचं पाणी घातलं, बोटाने ओठाला लावलं. ५.१ किलोचा होता, ३.७वर आला. त्याला आमच्याकडे आणलं तर तो कपाटावर जाऊन बसला, म्हणून मी त्याला त्याच्याच घरी ठेवलं आणि दिवसातून चारदा खाली जायची.

मुलाला फोनवर विचारलं, बाबा त्याला कसं खायला घालायचे? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, बाबा त्याला घालायचे नाहीत. ते स्वतः जेवायला बसायचे, जमिनीवर. आणि त्याची ताटली आपल्या ताटाशेजारी मांडायचे. साडेआठला."

त्या रात्री मी माझं ताट झाकून खाली नेलं. काकांच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसले. दामूची स्टीलची ताटली उजवीकडे ठेवली की डावीकडे ठेवावी याचा विचार करत होते, तेवढ्यात तो आला आणि डाव्या बाजूला बसला. ताटली तिकडे सरकवली. मी पहिला घास घेतला. त्याने माझ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं आणि खाली वाकला. चार घास खाल्ले त्याने. मी पोळी तुकड्यातुकड्याने खात राहिले, संपू नये म्हणून.

अडीच महिने रात्रीचं जेवण मी खालीच जेवले. मग हळूहळू त्याची ताटली एकेक पायरी वर आणली, आधी काकांच्या दारात, मग जिन्यात, मग आमच्या उंबऱ्यापाशी. आता तो आमच्या स्वयंपाकघरात आईंच्या डावीकडे बसतो. तीळ आणि ठकी त्याला त्या वेळेला त्रास देत नाहीत.

मुलगा दर रविवारी सकाळी फोन करतो, त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. घराचं, भाड्याचं, कागदपत्रांचं नंतर. आधी विचारतो, "वजन किती?" मी वही उघडते. गेल्या रविवारी ४.६ किलो होतं.